एक्स-रेत न दिसणारा रुग्ण

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ वॉर्डात येतात. खाटेशी उभं राहून केसपेपर चाळतात आणि एकेक विचारायला लागतात. शुगर आहे का? बीपीची गोळी चालू आहे का? दोन जिने चढले की दम लागतो का? आधी कधी रक्ताची पिशवी लावली होती का? मामा, तंबाखू खाता का? या शेवटच्या प्रश्नाला मामा "नाही साहेब" म्हणतात आणि उशाशी बसलेल्या मामी त्यांच्या नकळत मान डोलावतात, म्हणजे खातात. दारूचं विचारलं की मामीही गप्प होतात. नातेवाइकांना ही सगळी चौकशी वेळकाढूपणाची वाटते. मोडलंय पायाचं हाड, एक्स-रे निघालाय, रॉड कुठला टाकायचा तेही ठरलंय. मग लघवी किती वेळा होते नि रात्री किती उशा घेऊन झोपता, हे विचारून काय मिळणार?

बरंच काही मिळतं. हाडाच्या शस्त्रक्रियेचा शेवट कसा होईल, हे सांगणारी निम्मीअधिक माहिती याच पाच-दहा मिनिटांत गोळा होते. सर्जनचा हात, रॉडची प्रत, थिएटरची स्वच्छता यांचं महत्त्व आहेच. पण तोच सर्जन, तोच रॉड आणि तशाच जागी मोडलेलं हाड असूनही एकजण तीन महिन्यांत शेतात जातो आणि दुसऱ्याची जखम वर्षभर वाहत राहते. फरक असतो तो हाडाभोवतीच्या शरीरात. एक्स-रेवर हाड दिसतं. त्या हाडाला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, अंगातली प्रथिनं, फुप्फुसाची ताकद यांपैकी काहीच त्या काळ्या फिल्मवर उमटत नाही.

हे प्रकरण किनवटच्या अंगाने लिहायला कारण आहे. नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, पैनगंगेच्या काठी, सागवानाच्या जंगलात हा तालुका आहे. एका बाजूला विदर्भ, दुसऱ्या बाजूला तेलंगण. गोंड, परधान, कोलाम, आंध आणि बंजारा समाजाची वस्ती मोठी. गोकुंद्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. त्यापुढची मोठी शस्त्रक्रिया म्हटली की शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या नांदेडला, विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जायचं, नाहीतर सीमा ओलांडून आदिलाबाद गाठायचं. इतक्या लांब नेलेल्या माणसाला "फिटनेस मिळाला नाही" म्हणून परत पाठवलं, तर तो पुन्हा येईलच असं नाही. बैलगाडी, जीप, एसटी, रेल्वे, सोबत दोन माणसं, त्या दोघांची बुडालेली मजुरी, हा सगळा हिशेब दुसऱ्यांदा जमत नाही. त्यात या भागात शुगर-बीपीच्या पलीकडची आणखी दोन दुखणी आहेत. एक पाण्यातून हाडात उतरतं, दुसरं आईबापांकडून रक्तात येतं. त्यांच्याकडे यायचंच आहे. आधी सगळीकडे आढळणाऱ्या गोष्टी पाहू.

सर्वांत ओळखीची साखर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे 10 कोटी 10 लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले 13 कोटी 60 लाख असा अंदाज आहे. यातल्या पुष्कळांना आपल्याला साखर आहे हेच माहीत नसतं. पाय मोडल्यावर दवाखान्यात जे पहिलं रक्त काढतात, त्यात ती सापडते. हाडाच्या शस्त्रक्रियेत साखरेची भीती दुप्पट असते, कारण आत धातू राहणार असतो. साध्या जखमेत जंतू शिरले तर शरीर त्यांच्याशी दोन हात करतं. धातूवर बसलेले जंतू मात्र स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थरात ना पांढऱ्या पेशी नीट पोचतात ना औषध. पू दाबला जातो, पुन्हा येतो आणि शेवटी रॉड किंवा बसवलेला सांधाच काढावा लागतो. हे जंतू धातूवर पाय रोवण्याआधी पहिल्या काही तासांतच मारले जायला हवेत. ते काम पांढऱ्या पेशींचं आहे आणि रक्तात साखर चढलेली असली की त्याच पेशी सुस्तावतात. बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या असतील तर टाक्यांच्या कडेला रक्तही कमी पोचतं. त्यातून पायाची संवेदना गेलेली असेल, तर प्लास्टरखाली फोड आला तरी रुग्णाला कळत नाही.

म्हणून गुडघा बदलायच्या आधी 'एचबीएवनसी' ही तपासणी करतात. गेल्या अडीच-तीन महिन्यांत साखर सरासरी कशी होती, ते ती सांगते. आदल्या दिवशी उपास करून आणलेली साखर फसवू शकते, ही सहसा फसवत नाही. आकडा साडेसात-आठच्या पुढे असेल तर बहुतेक सर्जन गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, आणि ते बरोबर आहे. झिजलेला गुडघा दोन महिने थांबू शकतो. इथे एक मेख आहे. दोन महिने पुढे ढकलणं म्हणजे दोन महिने उपचार करणं. गोळ्या बदलायच्या, गरज पडली तर इन्सुलिन सुरू करायचं, पंधरा दिवसांनी गोकुंद्यात साखर तपासायची आणि हे सगळं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. नुसतं "साखर कमी करून या" एवढंच सांगून पाठवलेला माणूस बहुधा तीच साखर घेऊन परत येतो.

शस्त्रक्रियेआधीच्या आठवड्यांत किती फरक पडतो, याचा सर्वांत बोलका पुरावा तंबाखूच्या बाबतीत मिळाला. डेन्मार्कमध्ये खुबा किंवा गुडघा बदलायला आलेल्या 120 धूम्रपान करणाऱ्यांवर एक प्रयोग झाला. तो 2002 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून सिगारेट सोडायला किंवा निम्म्यावर आणायला मदत केली. उरलेल्यांचं नेहमीसारखंच चालू राहिलं. नेहमीसारखं ठेवलेल्यांपैकी 52 टक्के लोकांना काही ना काही गुंतागुंत झाली. मदत मिळालेल्यांत ती 18 टक्क्यांवर आली. जखमेशी संबंधित त्रास तर 31 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. सर्जन तेच, रुग्णालय तेच, सांधेही तेच. बदलले होते फक्त आधीचे दीड-दोन महिने. 

महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. 2016-17 च्या तंबाखू पाहणीनुसार राज्यातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेतात आणि त्यांतले बहुसंख्य ओढत नाहीत, चघळतात. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे; खर्रा आणि तंबाखू-चुना मात्र खिशातून गेलेले नाहीत. विड्या-सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. चघळणाऱ्याच्या वाट्याला तो येत नाही, हे खरं. निकोटिन मात्र दोघांच्याही रक्तात उतरतं आणि निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. नडगीचं हाड मोडलं तर हे फार महागात पडतं. नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर मांस जवळजवळ नसतंच, त्यामुळे रक्तपुरवठा मुळात तुटपुंजा. तोही आवळला की हाड जुळायला उशीर लागतो, कधी जुळतच नाही आणि सहा-आठ महिन्यांनी प्लेट थकून मोडते. "डॉक्टरांनी प्लेट हलकी टाकली" असं मग गावभर होतं. प्लेट हाड जुळेपर्यंतचा आधार असते, जन्मभर वजन पेलण्यासाठी ती बनवलेलीच नसते.

दारूचं एवढंच सांगतो की ती लपवू नये. रोज पिणाऱ्याची दारू दाखल झाल्या दिवशी तुटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो बरळायला लागतो, हात थरथरतात, सलाईन ओढून काढतो, नुकता बसवलेला पाय घेऊन खाटेवरून उतरतो. आधी कळलं असेल तर औषध देऊन हे टाळता येतं. तसंच सांधेदुखीच्या पुड्यांचं. बाजारात, जत्रेत, ओळखीच्या माणसाकडून मिळणाऱ्या आणि दोन दिवसांत "चमत्कार" करणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते महिनोन्महिने पोटात गेलं की हाडं ठिसूळ होतात, खुब्याचा गोळा सडू शकतो आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करणारी ग्रंथी झोपी जाते. अशा माणसाचा रक्तदाब शस्त्रक्रियेच्या ताणात एकाएकी कोसळू शकतो. भूलतज्ज्ञाला ती पुडी दाखवा. नाव माहीत नसलं तरी चालेल, रिकामा कागद आणला तरी चालेल.

आता रक्त आणि ताट. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे खुबा मोडून येणाऱ्या अनेक आज्यांनी उभा जन्म कमी रक्तावर काढलेला असतो. खुब्याखालचं हाड मोडलं की मांडीच्या आत अर्धा-पाऊण लिटर रक्त साठू शकतं. बाहेर एक थेंब दिसत नाही आणि दाखल होताना दहा असलेलं हिमोग्लोबिन दुसऱ्या सकाळी आठवर येतं. त्यात शस्त्रक्रियेचा रक्तस्राव. रक्त कमी असलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी उभा राहायला गेला की त्याला भोवळ येते, तो पुन्हा आडवा होतो, आणि आडवं राहण्यातून पुढची सगळी संकटं सुरू होतात. गुडघा बदलायचा असेल तर तीन-चार आठवडे आधी शिरेतून लोह देऊन रक्त वाढवता येतं. पिशवी लावण्यापेक्षा ते चांगलं आणि स्वस्तही. पण त्यासाठी महिनाभर आधी कुणीतरी हिमोग्लोबिन पाहायला हवं. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री पाहिलं तर हातात पिशवीच उरते.

ताटाबद्दल जरा थांबून लिहायला हवं. आपल्याकडे शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं पथ्य घरातली वडीलधारी मंडळी ठरवतात. आंबट नको, जखम पिकेल. डाळ नको, पू होईल. अंडं उष्ण, भात थंड, वांगं वातूळ. राहिलं काय? चहा, बिस्किट, साबुदाण्याची पेज आणि भाकरीचा मऊ भाग. हे सगळं मायेपोटी होतं. पण जखम भरायला आणि हाडाचा नवा सांगाडा विणायला शरीराला प्रथिनं लागतात, आणि ती नेमकी डाळीत, अंड्यात, दुधात, मटण-मासळीत आहेत. अंगात प्रथिनं कमी असल्याची एक ढोबळ खूण रक्तातल्या अल्ब्युमिनवरून मिळते. ते साडेतीन ग्रॅमच्या खाली असेल तर जखम उसवण्याचा आणि पू होण्याचा धोका वाढतो, हे सांधेबदलाच्या रुग्णांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. तूर किनवटच्या शेतात पिकते. घट्ट वरणाची वाटी दिवसातून दोनदा, एक-दोन उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे, लिंबू पिळून. रुग्णाला मूत्रपिंडाचा आजार नसेल तर यातलं काहीही जखमेला बाधत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व तर जखमेचा धागा विणायलाच लागतं. शिवाय गोळ्यांतलं लोह त्यामुळे चांगलं अंगी लागतं.

आतापर्यंत जे सांगितलं त्यात थांबायला वेळ होता. मोडलेला खुबा तो वेळ देत नाही. म्हातारं माणूस खुबा मोडून आडवं झालं की घड्याळ सुरू होतं. पाठीला शय्याव्रण, छातीत कफ, पायात रक्ताची गाठ, लघवीचा संसर्ग आणि रात्रीचा भ्रम. मोडलेलं हाड घेऊन माणूस जगतो, पण या पाचांतलं एकेक त्याला नेतं. 2020 मध्ये 17 देशांतल्या सुमारे 2,970 रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातली रुग्णालयंही होती. एका गटाची शस्त्रक्रिया निदान झाल्यापासून साधारण सहा तासांत केली, दुसऱ्याची नेहमीच्या पद्धतीने साधारण चोवीस तासांत. मृत्यूंत मोठा फरक पडला नाही, 9 आणि 10 टक्के. पण लवकर केलेल्यांत भ्रम कमी झाला, लघवीचे संसर्ग कमी झाले आणि माणसं लवकर उभी राहून लवकर घरी गेली. ध्यानात घ्या, तिथे "उशिराची" शस्त्रक्रिया चोवीस तासांत होती. आपल्याकडे किनवटच्या तांड्यावरून निघालेली आजी हाडवैद्याची पट्टी, गावचा दवाखाना, तालुका, जिल्हा असे टप्पे घेत खाटेवर पोचेपर्यंत कित्येकदा आठवडा उलटलेला असतो.

तिथे पोचल्यावर पुन्हा "बीपी वाढलंय, फिटनेस नाही" असं झालं तर? वेदनेने कण्हणाऱ्या, रात्रभर जीपमध्ये हादरे खाल्लेल्या माणसाचं बीपी वाढणारच. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या आणि रक्तदाबतज्ज्ञांच्या संघटनांनी 2016 मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं आहे की ठरवून करायच्या शस्त्रक्रियेतही 180/110 च्या खालच्या रक्तदाबासाठी तारीख पुढे ढकलू नये. मोडलेल्या खुब्याला तर 160 चं बीपी हे कारण होऊच शकत नाही. थांबायला खरी कारणं थोडी आहेत. छातीत पाणी झालेलं हृदय, नुकताच आलेला झटका, आटोक्यात नसलेले अनियमित ठोके, फार चढलेली साखर, फार उतरलेलं रक्त किंवा सोडियम, जोराचा न्यूमोनिया. आणि तिथेही "थांबा" म्हणताना किती तास आणि तेवढ्या तासांत काय दुरुस्त करणार, हे लिहिलेलं असायला हवं. वेदनेची नीट सोय, सलाईन, हव्या तेवढ्या पिशव्या, साखरेसाठी इन्सुलिन. यातलं बहुतेक चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत होतं. माझं स्पष्ट मत आहे की फिटनेसचा कागद हा रुग्णाला दारातून परत लावायचं साधन होता कामा नये. दुरुस्तीच्या कामांची यादी म्हणून तो लिहिला गेला पाहिजे.

आता किनवटच्या पाण्याकडे. मराठवाड्याचा बहुतांश भाग काळ्या कातळावर बसला आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला तो संपत येतो आणि त्याखालचा ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक उघडा पडतो. या खडकातल्या काही खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं. किनवट भागातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात ते मर्यादेपेक्षा जास्त सापडलेलं आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीडपर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, मग पाठ ताठरते, मान वळेनाशी होते, गुडघे वाकडे होतात. या दुखण्याचं हाडांतलं रूप भारतात पहिल्यांदा 1937 मध्ये नेल्लोर जिल्ह्यातून नोंदवलं गेलं. गुडघे आत वळण्याचा प्रकार 1973 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या दोघा संशोधकांनी मांडला. हे गुडघे जिथे आहारात कॅल्शियम कमी तिथे जास्त वाकतात.

फ्लोराइडने भरलेलं हाड एक्स-रेवर पांढरंशुभ्र, दणकट दिसतं. ही फसवणूक आहे. ते घट्ट असतं पण ठिसूळ. सर्जन त्यात भोक पाडायला जातो तेव्हा ड्रिल पुढे सरकत नाही, तापतं. तापलेल्या ड्रिलने भोकाभोवतीचं हाड जळतं आणि पुढे तो स्क्रू सैल होतो. म्हणून सतत सलाईनची धार सोडत, ड्रिल बदलत, हळूहळू काम करावं लागतं. हाडाच्या आतली पोकळी अरुंद झालेली असते, जाड रॉड शिरत नाही, जोर लावला तर हाड चिरतं. भूलतज्ज्ञाची पंचाईत याहून मोठी. कमरेत इंजेक्शन द्यायचं तर मणक्यांमधले बंध हाडासारखे कडक झालेले, सुईला वाट नाही. पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालायची तर मान मागे वळत नाही. आणि मज्जारज्जूची जागा आधीच अरुंद असेल तर मान जोराने वळवणं म्हणजे हातपायांची ताकद घालवणं. हे सगळं आधी कळलं तर त्याची तयारी करता येते. कळायला फार लागत नाही. रुग्णाला वर छताकडे बघायला सांगायचं, हनुवटी छातीला लावायला सांगायचं, दात पाहायचे आणि गाव विचारायचं. फ्लोराइडच्या पट्ट्यातलं गाव ओळखणारा भूलतज्ज्ञ इथे पुष्कळ कामाचा आहे.

आणि शेवटी आईबापांकडून रक्तात येणारं दुखणं. किनवटसारख्या भागात विशी-पंचविशीतला एखादा तरुण लंगडत बाह्यरुग्ण विभागात येतो. जांघेत दुखतं, मांडी घालून बसता येत नाही, बसून उठताना कळ जाते. घरी "वात आहे" म्हणून दोन वर्षं मालिश झालेलं असतं. काहीजण उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या झऱ्यात बसून आलेले असतात. एक्स-रे काढला की खुब्याचा गोळा चपटलेला, खचलेला दिसतो. या वयात गोळा खचण्याची मुख्य कारणं मोजकीच. दारू, स्टेरॉइड, जुना मार आणि सिकलसेल.

सिकलसेलमध्ये लाल पेशींतलं हिमोग्लोबिन थोडं वेगळं घडलेलं असतं. अंगातलं पाणी कमी झालं, गारठा लागला, प्राणवायू उतरला की ते हिमोग्लोबिन पेशीत गोठल्यासारखं होतं आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठर होते. अशा पेशी बारीक नळ्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या फारच बारीक आणि त्यांना पर्यायी वाट नाही. त्या बुजल्या की गोळ्याचं हाड मरतं आणि चालता चालता खचत जातं. अशा पेशींची नोंद 1910 मध्ये अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी पहिल्यांदा छापली. भारतात हा आजार 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडला. महाराष्ट्रातल्या आदिवासी पाड्यांवर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करण्याचं काम पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी कित्येक दशकं केलं. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहण्यांत काही जमातींमध्ये वाहकांचं प्रमाण 20 ते 35 टक्क्यांपर्यंत आढळलं आणि त्या जमातींत परधानही आहेत. गोंड आणि परधान वस्तीच्या किनवटमध्ये त्यामुळे कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियेआधी सिकलची साधी चाचणी झालीच पाहिजे. काही रुपयांची आणि काही मिनिटांची ती विद्राव्यता चाचणी आहे. ती सिकल आहे एवढंच सांगते. वाहक की पीडित हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ततपासणी लागते. हा फरक महत्त्वाचा, कारण नुसत्या वाहकाला शस्त्रक्रियेत सहसा फारसा धोका नसतो.

पीडिताचं तसं नाही. त्याला शस्त्रक्रियेआधी रक्त द्यावं की नाही, यावर 2013 मध्ये एक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी रक्त दिलं नव्हतं त्यांच्यापैकी 39 टक्के लोकांना गुंतागुंत झाली, दिलेल्यांत 15 टक्के. गंभीर प्रकार जवळजवळ सगळे एकाच जातीचे होते. फुप्फुसातल्या नळ्या तुंबून ताप, छातीत कळ आणि दम. मात्र रक्त भरमसाट द्यायचं नसतं. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणलं की पुरतं, हे 1995 मध्येच दिसलं होतं. त्याच्या पुढे गेलं की रक्त दाट होतं आणि पिशव्यांचेच त्रास वाढतात.

बाकीची काळजी बिनखर्चाची आहे आणि इथेच ती चुकते. आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी "रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही" असं सांगतात. यादीत चौथा नंबर असलेल्या रुग्णाला मग दुपारी दोन वाजता थिएटरमध्ये घेतात, चौदा तास कोरडा. सिकलच्या रुग्णासाठी हे धोक्याचं आहे. साधं पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत प्यायला चालतं, असं आजचं भूलशास्त्र सांगतं. त्याचा नंबर पहिला लावायचा आणि उपाशी ठेवायच्या वेळेत सलाईन चालू ठेवायचं. थिएटरचा एसी कमी करायचा, सलाईन कोमट करून द्यायचं, अंगावर पांघरूण ठेवायचं. मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवायची सवय इथे शक्यतो टाळायची. शस्त्रक्रियेनंतर वेदनेचं औषध हात आखडून द्यायचं नाही, कारण दुखतं म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो आणि फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो. मेडिकलमध्ये तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र मिळतं, नळीतून श्वास ओढला की गोळे वर चढतात. ते जागेपणी दर तासाला दहा वेळा ओढायला लावायचं. हे नर्सबाईंनी एकदा दाखवलं की सोबत आलेली बहीणही करून घेते. जखमेतला आणि हाडातला संसर्ग या रुग्णांत जास्त होतो, म्हणून ताप आला की "सिकलचा ताप" म्हणून सोडून द्यायचं नाही.

खुबा बदलणं हा अशा तरुणासाठी मोठा निर्णय आहे. पंचविशीत बसवलेला सांधा जन्मभर पुरेल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि सिकलच्या हाडात तो बसवताना पोकळी कुठे अरुंद तर कुठे भुसभुशीत लागते. गोळा खचायच्या आधी दुखणं सापडलं तर हाडात बारीक भोक पाडून आतला दाब कमी करता येतो, वजन कमी ठेवता येतं, हायड्रॉक्सियुरिया या औषधाने सिकलचे झटके कमी करता येतात. पण तेव्हा साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही, एमआरआय लागतो, आणि जांघेत दुखतं म्हणून एमआरआय करायला कुणी किनवटहून नांदेडला जात नाही, जोवर त्याला आपल्याला सिकल आहे हे माहीत नसतं. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरवण्यात आली. पाड्यावर, आश्रमशाळेत येणाऱ्या या तपासणीत नाव चुकवू नये.

दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार येण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे खुब्याचा गोळा खचलेला एक तरुण वॉर्डात सापडला की त्याच्या घरात आणखी कुणाला तरी हा आजार असण्याची शक्यता मोठी, आणि तो भाऊ किंवा बहीण बहुधा त्याच खाटेशी डबा घेऊन बसलेली असते. तिचं रक्त त्याच दिवशी, त्याच मजल्यावर काढता येतं. शस्त्रक्रियेच्या केसपेपरवर "भावंडांची सिकल तपासणी" अशी एक ओळ वाढवली तर तिच्या जांघेतली कळ दोन वर्षं मालिशीत जाणार नाही.